पाल का पडत नाही?

आमच्या पंचांगात पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, याचं तपशीलवार कोष्टक आहे. कपाळ, कान, खांदा, गुडघा, काही सोडलेलं नाही. ती मुळात पडत का नाही, यावर मात्र पंचांगकर्त्यांनी मौन पाळलंय. आमच्या स्वयंपाकघरातली पाल रोज ट्यूबलाइटशेजारी छताला उलटी असते, आणि मी खाली शुभफळाचा अवयव पुढे करून जेवत असतो.

सौ.नी भिंतीवर मोरपीस लावलं, अंड्यांची टरफलं टांगली. पाल मोरपिसावरूनच फिरून आली. ‘तिच्या पायांना डिंक असतो,’ असा निकाल सौ.नी दिला, तेव्हा अकरावीतली लेक मान वर न करता म्हणाली, ‘डिंक नाही गं आई, व्हॅन डर वाल्स.’

हॉलंडमधल्या या शाळामास्तरांनी 1873 च्या प्रबंधात वायूचे रेणूही एकमेकांना ओढतात हे धरून गणित मांडलं आणि 1910 मध्ये नोबेल मिळवलं. या ओढीचे प्रकार अनेक. त्यांत हायड्रोजन बंध दांडगा. त्याच्या जिवावर पाणी 100 अंशांपर्यंत तग धरतं. वजनाने जवळजवळ दुप्पट असलेला हायड्रोजन सल्फाइड उणे 60 लाच उकळतो. मग डायपोलवाले: एक टोक जरासं धन, दुसरं जरासं ऋण, तेवढ्यावर जमतं त्यांचं. आणि अगदी शेवटी लंडन बल, जे फ्रिट्झ लंडन या जर्मन शास्त्रज्ञाने 1930 मध्ये उलगडलं. ज्या रेणूंना धन-ऋण काहीच नाही, त्यांचेही इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला सरकतात आणि शेजारच्याचेही सरकवतात. एसटीत शेजारचा पेंगत कलला की आपलीही मान कलते, तसं. ओढ किरकोळ, पण कुणाशीच न बोलणारा हेलियमसुद्धा तिच्यामुळेच उणे 269 अंशांना द्रव होतो.

पाल जगते ती या किरकोळीवर. टोके जातीच्या मोठ्या पालीच्या एकेका पावलावर सुमारे 5 लाख सूक्ष्म केस, आणि प्रत्येक केसाला शेकडो फाटे. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 2000 साली एका केसाची पकड मोजली आणि 2002 मध्ये ती व्हॅन डर वाल्सच्या खात्यावर जमा केली. सगळे केस एकदम चिकटले, तर सव्वाशे किलो वजन सहज पेलेल. म्हणजे मी आणि सौ. दोघंही छताला! शिवाय केसाचा कोन बदलला की पकड सुटते. डिंकाला हे जमत नाही. आमच्याकडे येणाऱ्या काही पाहुण्यांनाही नाही.

‘ते राहू दे. ती पडेल कशाने?’ सौ.नी झाडू उगारूनच विचारलं.

‘टेफ्लॉनने. त्यातला फ्लोरिन आपले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरतो, की ते फारसे सरकतच नाहीत. कोरड्या टेफ्लॉनवर पाल घसरते.’

मी लगेच चारही भिंतींना टेफ्लॉन लावायचा प्रस्ताव मांडला.

‘अहो, ज्याला काही चिकटत नाही, ते भिंतीला कसं चिकटणार?’

लेकीने शोधून सांगितलं, ‘तव्याला लावताना आधी तवा खरबरीत करतात.’

‘म्हणजे आधी घर खरवडायचं, मग टेफ्लॉन फासायचा, आणि मग भिंतीवर दूधवाल्याच्या हिशोबाचा कागदसुद्धा चिकटायचा नाही!’ सौ.नी झाडू खाली ठेवला. ‘त्यापेक्षा तीच राहू दे. निदान डास तरी खाते.’

आपण काय खातो आणि काय करतो, हा पुढचा प्रश्न यायच्या आत मी ताट उचललं.