तपासनीस बदलून मिळेल का?

लाच देणाऱ्याच्याही काही गरजा असतात. कुणाला टेंडर हवं असतं, कुणाला परवाना. कुणाला फाइल हलायला हवी असते, तर कुणाला ती आहे तिथेच मुरायला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातले विमा कंपन्यांचे मालक ग्रेग लिंडबर्ग यांचं मागणं याहून साधं होतं. आमच्या कंपन्यांची तपासणी ज्या उपआयुक्त बाईंकडे आहे, ती त्यांच्याकडून काढून घ्या. बस्स. मोबदल्यात राज्याच्या विमा आयुक्तांच्या निवडणूक प्रचारासाठी लाखो डॉलरची सोय.

आयुक्त माइक कॉझी सरळ एफबीआयकडे गेले आणि पुढच्या भेटीगाठी त्यांनी गुपचूप ध्वनिमुद्रित केल्या. मार्च २०२० मध्ये लिंडबर्ग दोषी ठरले. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने ज्युरीला दिलेल्या सूचनांत खोट काढून तो निकाल रद्द केला आणि मे २०२४ मध्ये दुसऱ्या ज्युरीने त्यांना पुन्हा दोषीच ठरवलं. एवढा खटाटोप एका अधिकारी बाईंना बाजूला करण्यासाठी! 'आमच्याकडे हे काम एका चिठ्ठीवर होतं' असं पत्र काही वाचक पाठवतील, हे आम्ही गृहीतच धरलं आहे.

पण बाईंची एवढी धास्ती का? अमेरिकेत विम्यावर भारतासारखी एक केंद्रीय नजर नाही. १९४५च्या मॅकरन-फर्ग्युसन कायद्याने हा कारभार राज्यांकडेच ठेवला. राज्याचा तपासनीस पाच वर्षांतून निदान एकदा आपल्या राज्यातल्या कंपनीच्या दारात उभा राहतो. हिशेबाच्या वह्या, संगणक, करारमदार सगळं त्याच्यापुढे उघडं करावं लागतं. संचालकांना तो शपथेवर प्रश्न विचारू शकतो. दप्तर दाखवायला नकार दिला तर तेवढ्या कारणावरून परवाना जाऊ शकतो. आणि या सगळ्याचं बिल कंपनीच्याच नावावर. पाहुण्याने यायचं, कपाटं उचकायची आणि रिक्षाभाडंही यजमानानेच द्यायचं, असा हा पाहुणचार.

अहवालाचा मसुदा आला की उत्तर द्यायला कंपनीला ३० दिवस. तो कायम झाला की प्रत्येक संचालकाने प्रतिज्ञापत्र द्यायचं, की अहवालाची प्रत मला मिळाली. वाचली, असं लिहून द्यायची सक्ती नाही. कायदा करणाऱ्यांनाही मनुष्यस्वभाव कळतो.

एवढं असूनही विमा कंपनीच्या कपाटात सहसा काही सापडत नाही. खरा माल भावकीत असतो. मालक एकच, पण त्याची एक कंपनी विमा विकते, दुसरी तिचं 'व्यवस्थापन' पाहते, तिसरी तिच्याकडून कर्ज घेते, चौथी तिची जोखीम उचलते. हप्ते पहिलीकडे जमा होतात आणि उरलेल्या तिघी त्यावर जगतात. लिंडबर्ग यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी एका खटल्यात गुन्हा कबूल केला. त्यात सरकारी पक्षाने मांडलेला हिशेब असा: विमा कंपन्यांकडचे २ अब्ज डॉलरहून अधिक आपल्याच संलग्न कंपन्यांत घातले आणि स्वतःच्या नावावरचं साडेबारा कोटी डॉलरहून जास्त कर्ज माफ करून टाकलं. आमच्याकडे कर्जमाफीसाठी ट्रॅक्टर घेऊन मोर्चे काढावे लागतात. तिथे देणारा, घेणारा आणि माफ करणारा एकाच खुर्चीत बसला होता.

खुर्ची त्याला कुणी दिली, हेही बघा. संलग्न कंपन्यांत किती पैसा घालावा याला बऱ्याच राज्यांत दहा टक्क्यांच्या आसपास मर्यादा असते. लिंडबर्ग यांना कॉझींच्या आधीच्या राजवटीत ४० टक्क्यांपर्यंत मोकळीक मिळाली होती. कॉझींचं खातं ती आवळायला लागलं, तेव्हा तपासनीस बाई खुपायला लागल्या. अमेरिकेत ११ राज्यांत विमा आयुक्त लोकांच्या मतांवर निवडून येतो, नॉर्थ कॅरोलिना त्यांपैकी एक. म्हणजे ज्यांचं दप्तर तपासायचं, त्यांच्याच वर्तुळात निवडणुकीची पावतीपुस्तकं फिरणार. लोकशाहीची ही शाखा कुणाच्या डोक्यातून निघाली असेल, त्याला हार घातला पाहिजे.

भुर्दंड नेहमीप्रमाणे विमाधारकांना. जून २०१९ मध्ये लिंडबर्ग यांच्या चार कंपन्या न्यायालयामार्फत राज्याच्या ताब्यात गेल्या आणि पैसे काढण्यावर निर्बंध आले. म्हातारपणाची तजवीज म्हणून ॲन्युइटी घेतलेले लोक वर्षानुवर्षं स्वतःच्याच पैशांची वाट बघत बसले.

भावकीवर हात टाकायचा अधिकार कायद्यात आला तोही घोटाळ्यागणिक, हप्त्याहप्त्याने. २००८ मध्ये एआयजी ही बडी विमा समूह कंपनी कोसळली, तेव्हा तिच्या विमा कंपन्यांवर राज्यांचा पहारा होता. पण लंडन आणि कनेक्टिकटमधून जोखमीचे सौदे करणारी तिची भगिनी कंपनी राज्यांच्या टप्प्याबाहेर होती. वरच्या मूळ कंपनीवर देखरेख कुणाची, तर बचत बँका बघणाऱ्या एका केंद्रीय कार्यालयाची. सप्टेंबरमध्ये फेडरल रिझर्व्हला पहिल्याच फटक्यात ८५ अब्ज डॉलर काढावे लागले. आमच्या भिंती शाबूत राहिल्या, असं राज्यांचे नियंत्रक पुढे सांगत राहिले. ते पुरतं खरं नाही. रोखे उसने देण्याचा धंदा एआयजीच्या आयुर्विमा कंपन्याच करत होत्या, राज्यांच्या नाकाखाली, आणि त्यातही मोठं भगदाड पडलं. असो. २०१० मध्ये राज्यांच्या आयुक्तांच्या संघटनेने आपला नमुना कायदा बदलला: मालकापासून शेवटच्या भगिनी कंपनीपर्यंत, विमा कंपनीला ज्यांच्यामुळे धोका संभवतो त्या सगळ्यांची विचारपूस करता येईल आणि समूहाने दरवर्षी आपल्या जोखमीचा अहवाल द्यायचा.

हे वाचून आपल्याकडे कुणी नाकं मुरडू नयेत. १९५५ मध्ये फिरोझ गांधींनी लोकसभेत उद्योगपती दालमियांच्या भारत इन्शुरन्सचे पैसे कसे भावकीत फिरले ते मांडलं. जानेवारी १९५६ मध्ये सरकारने आयुर्विमाच ताब्यात घेतला. दोनच वर्षांत, १९५८ साली, न्यायमूर्ती छागला मुंबईत उघड सुनावणी घेत होते. विषय: सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंध्राच्या कंपन्यांचे शेअर का घेतले. अर्थमंत्र्यांची खुर्ची गेली. मालक बदलला की भावकी सुधारते, हा आमचा भ्रम अमेरिकेच्या आधीच फिटला आहे.

कायदा नसला की नियंत्रक हतबल असतो, हे आपण समजू शकतो. पण अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं काय करायचं? तिथे चक्रीवादळांमुळे घरविम्याचे हप्ते गगनाला भिडले. कंपन्या म्हणाल्या, आम्ही बुडतोय, वकील आम्हाला लुटतायत. विधिमंडळ द्रवलं आणि २०२२च्या डिसेंबरमध्ये कंपन्यांवर दावे ठोकणं अवघड करणारा कायदा झाला. त्याच वर्षी नियंत्रकाच्या दप्तरी एक अभ्यास पडून होता. त्याचा सांगावा असा, की २०१७ ते २०१९ या काळात विमा कंपन्या तोटा दाखवत होत्या, तरी भागधारकांना ६८ कोटी डॉलरचा लाभांश गेला आणि आणखी अब्जावधी डॉलर संलग्न कंपन्यांकडे वळले. हा कागद लोकांना दिसला तो २०२५ मध्ये, तोही पत्रकारांनी माहिती मागून पाठपुरावा केला म्हणून. नियंत्रक कार्यालयाचं म्हणणं, तो कच्चा मसुदा होता. असेलही. कच्चा होता तर पक्का करायला कुणी हात धरला होता? नॉर्थ कॅरोलिनात निदान तपासनीस बदलण्यासाठी पैसे मोजावे लागत होते. फ्लोरिडात तपासणीचा कागद फुकटात गप्प बसला.

असे पैसे वळवणारे हुशार नियंत्रकांमुळे सापडतात, असाही समज नको. १९९० च्या दशकात मार्टिन फ्रँकेल नावाच्या गृहस्थाने, रोखे व्यवसायातून हाकलल्यावर, एका ट्रस्टच्या आडून अमेरिकेच्या दक्षिणेतल्या छोट्या विमा कंपन्या विकत घेतल्या आणि त्यांचे २० कोटींहून अधिक डॉलर पळवले. तपासनीसांना कागदावर सरकारी रोखे दिसत होते आणि ते समाधानी होते. १९९९ मध्ये मिसिसिपीच्या अधिकाऱ्यांनी पैसे परत आणून दाखवा म्हटल्यावर हा युरोपात पळाला. मागे राहिलेल्या जळक्या कागदांत कामांची एक यादी मिळाली. पहिलं काम: काळा पैसा पांढरा करणे. सोबत ज्योतिषाच्या कुंडल्या, प्रश्न: मी तुरुंगात जाईन का? त्या प्रश्नाचं उत्तर काढायला राज्याच्या तपासनीसांपेक्षा ग्रहांवर भरवसा होता, यातच सगळं आलं.

तुमची मुलगी, भाचा, शेजारचा जोशांचा मुलगा न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहून आयुर्विमा वा ॲन्युइटी घेणार असेल, तर त्याला एवढं सांगा. कंपनीची नोंदणी ज्या राज्यात आहे, तिथल्या विमा खात्याच्या संकेतस्थळावर तिचा शेवटचा तपासणी अहवाल सहसा फुकट मिळतो. एजंटचं रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवून आधी त्यातलं संलग्न कंपन्यांचं पान उघडायला सांगा. ते पान बाकीच्या अहवालापेक्षा लांब असेल, तर दुसरी कंपनी बघा म्हणावं.