सर्व्हरचा फेरफार

पिंपळीत वळवाचं कौतुक असतं, उसाचं एक पाणी वाचतं म्हणून. पण वळवाबरोबर वीजही येते. यंदा ती गोठ्यातल्या कॅमेऱ्यासाठी ओढलेल्या तांब्याच्या केबलीतून घरात शिरली आणि आमच्या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड घेऊन गेली. बाकी सगळं शाबूत. (गोठ्यापर्यंत आता फायबर टाकलीय. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही.)

सर्व्हर म्हटल्यावर एसीची खोली डोळ्यांपुढे आणू नका. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना डबा तो, धान्याच्या कोठीशेजारी स्टुलावर घरघरत असतो. अण्णांच्या भजनांची रेकॉर्डिंगं, तुकोबांची पालखी बारामतीहून आमच्याकडून काटेवाडीला जाते तेव्हाचे फोटो, उसाच्या पावत्या, सातबारे, सगळं त्याच्या पोटात. त्याला ना मॉनिटर, ना कीबोर्ड. जे बोलायचं ते नेटवर्कवरून. म्हणजे नेटवर्क गेलं की "तुला काय झालं" हे विचारायचीही सोय नाही.

नवं कार्ड आणलं. जुन्याची खाच वीज खाल्लेली, तिच्यावर विश्वास कोण ठेवणार, म्हणून शेजारच्या खाचेत बसवलं. केबल खोचली. हिरवा दिवा लागला, नारिंगी लुकलुकू लागला. फोनवर मात्र भजन नाही की पावती नाही.

"दिवा तर लागलाय की," अण्णा म्हणाले.

दिवा लागला याचा अर्थ तारेच्या दोन्ही टोकांना कुणीतरी आहे, एवढाच. कोण आहे, कुठल्या पत्त्यावर आहे, याच्याशी दिव्याला कर्तव्य नाही.

शेवटी डबा उचलून टीव्हीपाशी नेला. वेळ नेमकी मालिकेची. सासू सुनेला काहीतरी निर्णायक सांगणार, तोच पडदा काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसरत वर गेल्या. आई म्हणाली, "तुझं आटपलं की सांग, तोवर मी भाकऱ्या करते." भाकऱ्यांचा आवाज त्या दिवशी जरा जोरातच येत होता.

पडद्यावर आजार स्पष्ट होता. कार्ड दिसत होतं, पण पुढे 'डाऊन'. पूर्वी लिनक्समध्ये कार्डांना नुसते ईटीएच०, ईटीएच१ असे क्रमांक मिळायचे, आणि दोन कार्डं असली तर कोण शून्य होईल आणि कोण एक, याचा नेम नसे. २०१३च्या सुमारास लिनक्समधला सिस्टमडी हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी कार्ड कुठल्या जागी बसलंय त्यावरून नाव द्यायची रीत आणली. आमचं जुनं कार्ड ईएनपी२एस०, नवं ईएनपी३एस०. सर्व्हरच्या फाइलीत मात्र अजून लिहिलेलं: ईएनपी२एस०ला उठव. तो इमानेइतबारे प्रत्येक वेळी त्याच्याच नावानं हाका मारत होता. शेजारी नवं कार्ड धडधाकट बसलेलं, पण त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

अण्णांना हे सांगायला मला फार कष्ट पडले नाहीत. "म्हणजे गट नंबर बदलला, आणि तुझ्या सातबाऱ्यावर जुनाच हाय," ते म्हणाले.

अगदी तसंच. आकडा दुरुस्त केला, कार्ड उठलं, पत्ताही मिळाला. पण भलताच, १९२.१६८.१.५०. घरातली सगळी यंत्रं त्याला शोधणार १०वर. कारण दुसरं दप्तर राउटरकडे. तिथं जागा बघत नाहीत, खातेदार बघतात. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच ४८ बिटांचा मॅक क्रमांक मिळतो, निम्मा बनवणाऱ्याचा, निम्मा त्या नगाचा. आमच्या राउटरनं १० हा पत्ता जुन्या क्रमांकाच्या नावे राखून ठेवला होता. खातेदार विजेनं गेला, हे त्याला कळवणार कोण?

पुण्याचा पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, सोपंय. नव्या कार्डाला जुन्याचाच मॅक नंबर द्या, एका ओळीचं काम." होतं तसं, खोटं नाही. पण मेलेल्याच्या नावानं तोतया उभा करून खरेदीखत करण्यातला हा प्रकार, तोही सातबारे ठेवलेल्या डब्यात! मी राउटर उघडला, जुना क्रमांक खोडला, नवा लिहिला, 'सेव्ह' दाबलं. सर्व्हर पुन्हा सुरू केला. १०वर आला. स्वयंपाकघरातून भजन ऐकू आलं आणि पाठोपाठ आईचं "आता टीव्ही लाव."

अण्णा अजून राउटरच्या पानाकडेच बघत होते. वारसाची नोंद लावायला त्यांनी तलाठ्याच्या किती चकरा मारल्या, ते घरात सगळ्यांना पाठ आहे. सहा नंबरच्या नमुन्यात नोंद, मग नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडल अधिकाऱ्याची सही.

"नोटीस?"

"नाही काढत हा."

"हरकत घ्यायची कुणाला, तर?"

"तीही सोय नाही."

"एका बटणात फेरफार," अण्णा म्हणाले, "मग तर कुणीबी कुणाच्या नावावर बसंल. त्याचा पासवर्ड काय ठेवलायस?"

राउटरचा पासवर्ड अजून कंपनीनं दिलेलाच होता. तो त्यांनी माझ्यासमोर बसून बदलून घेतला.