मागून बसलीय!

नव्या गाडीचे पेढे घेऊन गेलो, तर आमच्या साडूभाऊंनी पेढा तोंडात टाकला, खिशातून टेप काढली आणि ते थेट मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत माप घेतलं, पुढचंही घेतलं आणि अभिनंदनाऐवजी म्हणाले, "मागून बसलीय."

गाडी रिकामी होती. शोरूममधून आली होती.

मेलबर्नला गाडीमागे कॅम्पर जोडून हिंडणारे मराठी लोक आता नवे नाहीत. त्यांतले निम्मे रस्त्यावर असतात आणि निम्मे सस्पेन्शन निवडत असतात. साडूभाऊ दुसऱ्या निम्म्यातले. त्यांच्याकडे प्राडो आहे, भरल्यावर अठराशे किलो होणारा कॅम्पर आहे आणि मागच्या स्प्रिंगा कुठल्या घालाव्यात हा प्रश्न आहे. प्रश्न सर्वांत जुना.

तो समजावून घेण्याचं पाप करू नका. मी केलंय, म्हणून सांगतो. कॅम्परच्या वजनाचा साधारण दहावा भाग गाडीच्या टो-बॉलवर, म्हणजे कॅम्पर अडकवायच्या गोळ्यावर येतो, म्हणजे यांच्या बाबतीत 180 किलो. हा बॉल मागच्या चाकांच्याही मागे मीटर-सव्वा मीटर लोंबतो. त्यामुळे मागचा आख दबतो तो दबतोच, वर पुढच्या चाकांवरचं पाऊणशे किलो ओझं उचललं जातं. स्टिअरिंग हलकं पडतं आणि रात्री हेडलाइट रस्ता सोडून निलगिरीच्या शेंड्यावरचे पोसम दाखवायला लागतात. मग कडक स्प्रिंगा घालायच्या? कायम चारशे किलो वाहणारी स्प्रिंग घातली, तर कॅम्पर सोडलेल्या दिवशी भाजी आणायला जाताना पाठीचे मणके मोजून होतात. मऊ ठेवून स्प्रिंगच्या पोटात हवेच्या पिशव्या भरायच्या? चालतं, पण त्यांनी मागची उंची सावरते, गाडीची कायदेशीर वजनमर्यादा तसूभरही वाढत नाही. त्यासाठी वेगळं प्रमाणित काम करून घ्यावं लागतं. आणि शॉक अब्सॉर्बर? पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर त्यांतलं तेल तापतं, पातळ होतं आणि शॉक नावापुरता उरतो. म्हणून शॉक बिल्स्टीनचे की ओल्ड मॅन इमूचे, यावर आमच्याकडे श्रीखंड आंबेपर्यंत चर्चा झालेली आहे.

हे सगळं कशासाठी, तर गिब रिव्हर रोडसाठी. डर्बीपासून कुनुनुराकडे जाणारा सुमारे 660 किलोमीटरचा दणके देणारा रस्ता. साडूभाऊंचा कॅम्पर आजवर जास्तीत जास्त फिलिप आयलंडपर्यंत गेला आहे. गुळगुळीत डांबरावरून.

पण टेपला विश्रांती नाही. मंडळाच्या गणपतीत मखराचं टेबल लागलं, सगळे "मोरया" म्हणाले, साडूभाऊ म्हणाले, "मागून बसलंय." आमच्या सोफ्यावर पाहुण्या आजी टेकल्या, तेव्हा साडूभाऊंनी खिशात हात घातलेला पाहून ताईने (म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीने) त्यांना दाराबाहेर नेलं. एका लग्नात नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीभोवती त्यांनी प्रदक्षिणा घातली, तेव्हा मुलीच्या वडिलांना वाटलं, हे दृष्ट काढताहेत.

शेवटी ताईनेच भरलेली गाडी कॅम्परसकट वजनकाट्यावर नेली. नंतर एकेक वस्तू उतरवली. दोन कुकर, तांदळाचं पोतं, खलबत्ता, दुसरा जॅक, आणि सर्वांत तळाशी गाडीच्या काढून ठेवलेल्या जुन्या स्प्रिंगा आणि शॉक. "जंगलात लागल्या तर?" साडूभाऊ म्हणाले. गाडी ज्यामुळे बसत होती, त्यात तिला उचलण्याचं सामानच जास्त होतं.

आता नाइलाजाने एक सांगतो. साडूभाऊ वाळवा तालुक्यातले. वडील हंगामात बैलगाडीने ऊस कारखान्यावर घालायचे. ते एकदा मेलबर्नला आले, तेव्हा त्यांनी कॅम्परभोवती सावकाश फेरी मारली, मागचं दार उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "आरं, समदं वज्झं मागं घातलंस तर गाडी उलाळ हुणार. जड ते आखावर घे. जरासा भार बैलाच्या मानंवर पायजेच." टो-बॉलचं सगळं शास्त्र तेवढ्यात संपलं. साडूभाऊंनी मुकाट्याने सामान हलवलं. बापलेक फिलिप आयलंडला जाऊन आले. परतताना म्हातारबुवा म्हणाले, गाडी दणका देत नाही, पुढल्या खेपेला लांब ने. त्यांच्या कमरेला सोसेल अशी, तरीही कॅम्पर ओढताना न बसणारी स्प्रिंग साडूभाऊ तेव्हापासून शोधायला लागले. पुढली खेप झाली नाही. शोध चालू आहे. ताई म्हणते, स्प्रिंग बसवली की निघावं लागेल, म्हणून बसवत नाहीत. मी त्यावर काही बोलत नाही. मला टेप पुढे धरायला बोलावतात, मी धरतो.

तेव्हा कॅम्पर ओढणाऱ्यांनो, स्प्रिंगांवर पैसे घालण्याआधी भरलेली गाडी काट्यावर न्या, बॉलवरचं वजन वेगळं मोजा, जड सामान आखावर घ्या आणि निम्मं घरी ठेवा. एवढं करूनही मागून बसलीच, तर आमच्या साडूभाऊंना फोन करा. पैसे घेत नाहीत, पण जेवून जातात.