किल्ली माईंकडं, पॉलिसी कपाटात

आमच्या आणि माईंच्या घरामधली कंपाउंडची भिंत माझ्या खांद्याला लागते आणि माईंच्या डोळ्यांना. म्हणून पलीकडं कायमचं एक घमेलं पालथं घातलेलं असतं. त्यावर पाय पडल्याचा ठण्ण आवाज झाला की मी गॅस बारीक करते. नुसता कढीपत्ता हवा असला तर माई घमेल्यावर चढत नाहीत, हाक मारतात.

त्या दिवशी ठण्ण झालं, तेही सकाळी सातच्या आत.

"वहिनी, दूध नंतर तापवा. कोपऱ्यावरच्या इंजिनिअरांच्या घरात पाणी शिरलंय."

"पाणी? एप्रिलात?"

सांगलीत, त्यातून शामरावनगरात, पाणी शिरलं म्हटलं की आम्हाला आधी कृष्णामाईच आठवते. आयर्विन पुलापाशी 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. 2019 च्या ऑगस्टात ती 57 फुटांच्या वर गेली आणि आम्ही आठ दिवस मिरजेला नणंदेकडं होतो. परत आलो तर फ्रिज आडवा, आणि त्याच्या वर माझं पुरणयंत्र. विमा वगैरे काही नव्हता. विमा म्हणजे माणसाचा आणि स्कूटरचा, घराला कुठं काय होतंय, असा तेव्हा आमचा हिशेब.

"नदीचं नव्हे ओ, नळाचं," माई म्हणाल्या. "वरच्या बाथरूममधल्या गिझरची ती तारेची जाळी असलेली नळी असते ना, ती फुटली. ते दोघं शनिवारपासनं पुण्याला लेकीकडं. किल्ली माझ्याकडं."

शेवटचं वाक्य त्यांनी जरा सावकाश म्हटलं. गल्लीतल्या पाच घरांच्या किल्ल्या माईंकडं असतात आणि त्याचा त्यांना मान आहे.

मग आखोंदेखा हाल. कामवाली अंगण झाडायला गेली तर दाराच्या फटीतनं पाणी बाहेर येतंय. माईंनी कुलूप काढलं तर हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी, त्यात इंजिनिअरांचे बूट तरंगताहेत. जिन्यावरनं पाण्याची एकेक पायरी खाली येतेय. पंख्याच्या तिन्ही पात्यांच्या टोकांवरनं टपटप चाललंय. आणि डायनिंग टेबलावर वरच्या पीओपीचा एक मोठा तुकडा, पापड पसरून वाळत घातल्यासारखा. गच्चीवरची टाकी हजार लिटरची. तेवढंच सांडलं असतं तर भागलं असतं. पण इंजिनिअर पडले हुशार. पंपाला त्यांनी स्वतःच्या हातानं ऑटोमॅटिक बसवलेलं. टाकी रिकामी व्हायला लागली की पंप आपसूक चालू. म्हणजे शनिवारपासनं बोअरचं पाणी टाकीत, टाकीतलं बाथरूममध्ये, बाथरूममधलं हॉलमध्ये.

"मग वॉल बंद केला का?"

"कुठला वॉल? गच्चीवर चार वॉल, एकावर खूण नाही. मी आपला मेन स्विच पाडला आणि प्लंबरला फोन केला. म्हणाला, आलोच पाच मिनिटांत."

तो सव्वादहाला आला.

आता खरी गंमत पुढं आहे. इंजिनिअर दुपारी पुण्याहून आले, घर बघितलं आणि म्हणाले, काळजी नको, घराचा इन्शुरन्स आहे. 2022 मध्ये वरचा मजला चढवताना कर्ज काढलं होतं, तेव्हाच बँकेनं उतरवलाय. कपाटातनं फाइल निघाली. पहिली पॉलिसी उघडली तर ती घराची नव्हेच, इंजिनिअरांच्या जिवाची! म्हणजे कर्ज फिटायच्या आत यांना काही झालं तर बाकीचं कर्ज विमा कंपनी फेडणार. छत पडलं तर नाही, घरधनी गेला तर.

"इंजिनिअरबाई ऐकून देवघरातच जाऊन बसल्या," माई म्हणाल्या. मलाही हसावं की काय कळेना.

तेवढ्यात समोरचे अण्णा पेपर काखेत मारून आमच्या फाटकाशी थांबले. अण्णा विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर तीस वर्षं बसलेले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण 'नुकसान' शब्द कानावर पडला की अजून पावलं थबकतात.

"फाइलमध्ये दुसरी पॉलिसी असेल. बघायला सांगा," अण्णा म्हणाले. "बँक दोन्हीवर सह्या घेते. एक माणसाची, एक इमारतीची. दोन्हीला लोक 'लोनचा विमा'च म्हणतात, तिथं घोळ होतो."

आणि होती की! मागं, घरपट्टीच्या पावत्यांत टोचून ठेवलेली. भारत गृह रक्षा. हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, मीही नव्हतं. 1 एप्रिल 2021 पासनं विमा नियामकानं सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही एकसारखी पॉलिसी ठेवायलाच लावली आहे. कंपनी कुठलीही असो, मूळ कलमं तीच. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, घरावर झाड कोसळणं, आणि त्याच यादीत पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, भरून वाहणं. पूर यात आलाय हे कळल्यावर मला 2019 चा तो आडवा फ्रिज परत आठवला.

"म्हणजे प्लंबरचे पैसे मिळणार!" माई.

"प्लंबरचे नाही. पाण्यानं जे नासलं त्याचे," अण्णा म्हणाले. "पीओपी, रंग, वायरिंग, फुगलेली दारं. नळी जुनी झाली म्हणून फुटली असेल तर नळी तुमची. झीज विम्यात येत नाही. आणि नळी असती किती रुपयांची?"

माईंना हे पटेना. त्यांची पुतणी इंग्लंडात आहे, लंडनजवळ स्लावला. तिथं म्हणे तातडीच्या दुरुस्तीचा वेगळाच विमा मिळतो. थंडीत बॉयलर बंद पडला, पाइप फुटला, की एक फोन करायचा आणि कंपनीच माणूस धाडते. ठरलेल्या रकमेपर्यंत काम तो करतो, वरचे आपण भरायचे. बॉयलर फार म्हातारा असला तर मात्र हात वर. आणि गळती भिंतीच्या पोटात कुठं आहे ते शोधायला भिंत फोडावी लागली, तर त्या फोडाफोडीचेही पैसे तिकडच्या इमारतीच्या विम्यात बऱ्याचदा मिळतात.

"आपल्यात तसलं नाही," अण्णा म्हणाले. "आपल्याकडं विमा म्हणजे झाल्यावर मोजायचं. धावत येणारा माणूस विम्यात नाही."

"धावत येणारा माणूस आपल्याकडं कशातच नाही," मी म्हटलं.

मग माईंनी हळूच आपलं गाऱ्हाणं पुढं सरकवलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तीन वर्षं ओल आहे. दर पावसाळ्यात रंगाचे पोपडे निघतात, दर दिवाळीला त्या वरनं रंग मारतात. हे नाही का बसत?

अण्णांनी मान हलवली. अचानक फुटलं तर विमा, हळूहळू मुरलं तर तुमचं तुम्ही. अख्ख्या पॉलिसीत भांडण होतं ते याच रेघेवर. आणि ती रेघ भिंतीवर दिसते कशी, ते चार दिवसांनी आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

सर्व्हेअर आला. पोरगेला होता, पाठीला सॅक, हातात मोबाइल आणि एक साधा स्क्रू ड्रायव्हर. (इंजिनिअरबाईंनी त्याला आधी पोहे दिले. पोहे खाऊनही माणूस बधला नाही.) हॉलच्या छताला बोट लावलं, प्लास्टर दाबलं, वास घेतला. मग कोपऱ्यात गेला आणि थांबला. तिथल्या डागाला कडा होत्या. चहाच्या कपाखाली टेबलावर उठतात तशी पिवळट-तपकिरी वर्तुळं, एकात एक तीन-चार. आतनं पांढरी भुकटी सुटलेली. बाकी छत नुसतंच काळपट ओलं, ना कड ना भुकटी. तो काही बोलला नाही. कागदावर एका कोपऱ्याभोवती गोल काढला आणि तेवढे चौरस फूट वजा लिहिले. बाथरूमचा तो कोपरा आधीपासनं गळत होता हे बाईंना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, माईंना तर घरमालकांच्या आधी ठाऊक होतं. आम्ही तिघीही पंख्याकडं बघत उभ्या.

नंतर त्यानं विचारलं, "पाणी होतं तेव्हाचे फोटो?"

झाली ना पंचाईत! माईंनी चांगुलपणानं सगळं घर पुसून काढलेलं. बाईंनी आल्या दिवशीच फुगलेले ड्रॉवर भंगारवाल्याला दिलेले. सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत नासलेली वस्तू टाकायची नसते, पाणी मात्र लगेच थांबवायचं असतं, हे अण्णांनी सांगितलं तेव्हा ड्रॉवर कुपवाडला पोचले असतील. आणि ती फुटलेली नळी? ती प्लंबर घेऊन गेला होता, 'नमुन्याला'.

वाचवलं कामवालीनं. तिनं त्या सकाळी तरंगत्या बुटांचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला होता, वर हसऱ्या तोंडाची तीन चित्रं. बाईंना ते कळलं तेव्हा त्या तिच्यावर दोन दिवस धुमसत होत्या. आता त्याच म्हणाल्या, "काढ गं तो व्हिडिओ." स्टेटस केव्हाच गेलेलं, पण मोबाइलमध्ये होता. तारीख, वेळ, पंख्यावरनं गळणारं पाणी, पापडासारखं पीओपी, आणि मागनं माईंचा आवाज, "अगं बाई, सोफा गेला की!" सर्व्हेअरनं तो स्वतःच्या मोबाइलवर घेतला. म्हणजे माई आता विमा कंपनीच्या दप्तरात आहेत.

एवढं सगळं झाल्यावर माईंना पॉलिसी घ्यायचीच होती. संध्याकाळी ठण्ण.

"वहिनी, एजंट म्हणतोय घर दीड कोटीचं दाखवा."

अण्णा नेमके हजर. "दीड कोटीत जागा किती आणि घर किती? जागा जळत नाही, माई. विमा बांधकामाचा. आतलं क्षेत्रफळ गुणिले आज बांधायला येणारा खर्च." त्यांनी भिंतीवरच बोटानं हिशेब मांडला. समजा 900 चौरस फूट, 2,000 रुपये दर, झाले 18 लाख. घर आणि सामान दोन्हींचा विमा घेतला तर इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के सामानाला यादी न देता धरतात, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत. म्हणजे इथं 3 लाख 60 हजार. पूर्वी रक्कम कमी लावली तर दावाही त्याच प्रमाणात कापायचे, अर्धा विमा असेल तर अर्धं नुकसान. या पॉलिसीत ती कात्री नाही. दागिन्यांचं मात्र वेगळं सांगावं लागतं, ते सामानात धरत नाहीत.

"आणि चोरी?"

"वरच्या यादीतलं काही घडलं, आणि त्यामुळं सात दिवसांच्या आत चोरी झाली तर. पुरात घर सोडून गेलात आणि कुणी हात मारला, असलं. एरवीच्या घरफोडीला वेगळा विमा."

"फ्रिज जळला तर?"

इथं अण्णा खुलले. शॉर्टसर्किटनं फ्रिज जळला तर फ्रिजचे मिळत नाहीत. पण त्या फ्रिजनं स्वयंपाकघर पेटवलं तर स्वयंपाकघराचे मिळतात. ज्यानं आग लावली तो सोडून बाकी सगळ्यांना भरपाई. माईंना हा न्याय फार आवडला. त्यांनी लगेच तो भाऊबंदकीतल्या एका प्रकरणाला लावून बघितला, पण ते इथं नको.

जाता जाता अण्णांनी आणखी एक सांगितलं, ते मला ठाऊकच नव्हतं. आपल्या नावच्या गॅस सिलिंडरमुळं स्फोट झाला, आग लागली, तर तेल कंपन्यांनी आधीच उतरवलेला विमा असतो. आपण वेगळा हप्ता भरत नाही. मृत्यू झाल्यास माणशी 6 लाख, घराच्या नुकसानीला घटनेमागं 2 लाखांपर्यंत. फक्त कनेक्शन नोंदवलेल्या पत्त्यावरच घर हवं. हे ऐकून आम्ही दोघी एकदम गप्प. माईंचं कनेक्शन अजून सासऱ्यांच्या नावावर, गावभागातल्या जुन्या वाड्याच्या पत्त्यावर आहे. वाडा पाडून अपार्टमेंट झालं. सासरेही नाहीत.

इंजिनिअरांचा दावा महिन्याभरात निघाला, कोपरा वजा करून. त्यांना तो कोपरा लागलाय. भांडणार म्हणतात. आधी कंपनीकडं लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर पुण्याला विमा लोकपाल, फी नाही, वकील नाही, असं अण्णांनी त्यांना समजावलंय. वर हेही विचारलंय, लोकपालानं पिवळ्या वर्तुळांचं विचारलं तर काय सांगाल? तेव्हापासनं इंजिनिअर अण्णांच्या फाटकावरनं जायचं टाळतात, मागच्या बोळानं जातात.

माईंचा फॉर्म भरून झालाय. त्याआधी त्यांनी एक शहाणपणाचं काम करायचं ठरवलं. गच्चीवर जाऊन कुठला वॉल कशाचा ते बघायचं आणि नेलपॉलिशनं खुणा करायच्या. मीही बरोबर गेले. पहिला वॉल स्वयंपाकघराचा, दुसरा खालच्या बाथरूमचा. तिसरा, मेन, जागचा हलेना. माईंनी पदर गुंडाळून जोर लावला, मी लावला, शेवटी पकड लावली. तेव्हा तो फिरला आणि मुळातनंच झिरपायला लागला.

प्लंबरला लगेच फोन केला. म्हणाला, आलोच पाच मिनिटांत. हे मंगळवारी. आज शुक्रवार. वॉलखाली घमेलं ठेवलंय, त्यामुळं माई सध्या भिंतीवरनं दिसत नाहीत, नुसता आवाज येतो.