घड्याळवाले साहेब आणि माहूरच्या पायऱ्या

"काहून व पोरी, ओट्यावरून पाठमोरी काहून उतरून राहिली?"

काकूंच्या नजरेतून काही सुटत नाही. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि तिच्यावर त्यांचं सूप कायम मांडलेलं. थंडीत त्यात तुरीच्या शेंगा, उन्हाळ्यात कुरड्या. शेंगा फोडून सोले काढता काढता त्या अख्ख्या गल्लीची हजेरी घेतात. मी म्हटलं, काकू, काल माहूरला जाऊन आले. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपसोबत. मांड्या अशा धरल्यात की सरळ उतरायची सोय नाही.

"माहूरले? आन् मले नाही सांगतलं?"

झालं. सोले राहिले बाजूला.

आता तुम्हाला सांगायला हवं असं नाही काकू, पहाटे पाचला गल्लीतली कुत्री भुंकतात ती आमच्याच नावानं. पोस्टल ग्राउंडवर चकरा मारायच्या, रविवारी जांब रोडनं लांब जायचं, परत येताना पोहे. एवढ्यावर बरं चाललं होतं. पण बँकेतल्या साहेबांनी एका रात्री ग्रुपवर गिरनारचा व्हिडिओ टाकला. तिथं गुजरात सरकार दर जानेवारीत आरोहण-अवरोहण स्पर्धा भरवतं. पोरांनी अंबाजीपर्यंत जायचं, म्हणजे 5,500 पायऱ्या. पोरींनी माळी परबपर्यंत, 2,200. वर शिवायचं आणि तसंच खाली पळत यायचं. पहिला येणारा पोरगा तासाभरात चढून-उतरून मोकळा होतो.

"तासाभरात? मले तं दत्त चौकातून भाजी घेऊन याले तास लागते!"

तुम्हाला वाटेत माणसं भेटतात काकू, त्यांना भेटत नाहीत.

स्पर्धेत उतरायचं आमचं वय उरलेलं नाही, पण गिरनार चढायचाच असं साहेबांनी ठरवलं, आणि साहेबांनी ठरवलं की ग्रुपनं ठरवल्यासारखं असतं. तेव्हा आमचे कंडक्टरकाका मध्ये पडले. एस्टीतून रिटायर झालेले, दत्ताचे भक्त. गिरनारची त्यांची वारी कित्येक वर्षांची, रात्री चढायला लागून पहाटे पादुकांपाशी. ते म्हणाले, दत्तमहाराज झोपायला येतात माहूरला, आणि तुम्ही निघाले गुजरातला. आधी घरची पायरी चढा.

घरचीच म्हणायची. नकाशात माहूर नांदेड जिल्ह्यात, पण नांदेडकरांपेक्षा आपल्याला जवळ. आर्णी गेली, धनोड्याचा पूल आला, पैनगंगा ओलांडली की आलंच. राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला आपल्याकडून किती लोक जातात ते तुम्हीच सांगता दरवर्षी.

"ते जाऊ दे. बूट घालून तं नाही चढले नं रेणुकादेवीच्या पायऱ्या?"

तीच तर गंमत, ऐका. गाडीतून उतरलो तेव्हा उजाडत होतं. सगळ्यांच्या पायात बूट असे की किंमत सांगितली तर तुम्ही म्हणाल, एवढ्यात बकरी आली असती. साहेबांच्या मनगटावर ते घड्याळ. छातीचे ठोके दाखवते, झोप किती झाली ते दाखवते, चिडले की बहुतेक तेही दाखवत असेल. पायथ्याशी प्रसादाच्या दुकानात बाई बसली होती. तिनं नुसता हात दाखवला: बूट तिथं. सगळ्यांचे बूट तिच्या बाकाखाली एका ओळीत गेले आणि आम्ही अनवाणी, पौषातल्या गार दगडावर. कंडक्टरकाकांनी आधीच बजावून ठेवलं होतं, पायऱ्या भाविकांच्या आहेत, आपण कडेनं जायचं, कुणाला धक्का लागला तर पळणं तिथंच बंद. साहेबांना ते फारसं पटलं नव्हतं. अनवाणी झाल्यावर आपोआप पटलं.

मैदानावर आमचा क्रम ठरलेला असतो. पुढे साहेब, मागून इंजिनिअरिंगचा पोरगा, मग आम्ही बाया, आणि शेवटी किराणावाले भाऊ, पोट सांभाळत. माहूरच्या पायऱ्यांनी हा क्रम पार उलटा केला. साहेब निघाले दोन-दोन पायऱ्या टाकत. पोरगा त्यांच्या मागं. पाहता पाहता दोघं दिसेनासे झाले आणि आम्हाला वाटलं, हे वरून दर्शन घेऊन खालीही येतील. थोडं चढून पाहतो तर साहेब कठड्याला धरून उभे, मोबाइल वर धरलेला. म्हणे फोटो काढून राहिलो. फोटो कशाचा, तर समोर एक माकड आणि मागं भिंत.

"धापा टाकून राहिला असन!"

तर काय. आमच्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी मग नीट समजावलं. सपाट रस्त्यावर पळताना पाय जमिनीवर आपटला की घोट्यामागची शीर ताणते आणि स्प्रिंगसारखी पुढं ढकलते, बरंचसं काम फुकटात होतं. पायरीवर फुकट काही नाही. दर पायरीला अख्खं अंग उचलायचं, तेही एका पायावर. त्यामुळे छाती लगेच भरते. आणि दोन-दोन पायऱ्या टाकल्या तर मांडीला दुप्पट उंचीची उचल एका झटक्यात करावी लागते. लहान पाऊल टाका, पूर्ण तळवा टेकवा, हात गुडघ्यावर ठेवून दाबा, आणि मान वर करून कळस पाहू नका, पुढच्या तीन-चार पायऱ्या पाहा. त्यात माहूरच्या पायऱ्या जुन्या. एक बुटकी, पुढची उंच, मधलीला घासून खोलगा पडलेला. लय जमली म्हणेपर्यंत मोडते.

मग कुणाला जमलं सांगू? किराणावाल्या भावांना! गडी गुणगुणत चढला, कुठं थांबला नाही, कुठं घाई नाही. मी विचारलं, भाऊ, कसं काय? तर म्हणाले, वहिनी, दुकानाचा माळा वर आहे, तुरीच्या डाळीचा कट्टा खांद्यावर घेऊन जन्म गेला. हे तर रिकाम्या हातानं चढणं.

आणि त्यांनाही मागं टाकलं कुणी, तर महागावकडच्या एका आजीनं. नऊवारी, कमरेवर नातू, हातात ओटीची पिशवी. पायरी तिरपी धरायची, नागमोडी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण मॅडम म्हणाल्या, उंच चढ असाच मोडायचा असतो. साहेबांपाशी आली, थांबली आणि म्हणाली, "बाबू, पानी पायजे का?"

काकू हसल्या त्या इतक्या की सुपातले दोन सोले भिंतीखाली गेले.

पायऱ्या किती, हा वाद मात्र अजून मिटला नाही. पोरगा एक आकडा सांगतो, मॅडम दुसरा, साहेबांचं घड्याळ तिसरा. मधल्या सपाट जागा कुणी पायरी धरतं, कुणी नाही. अडीचशेच्या आसपास धरा. म्हणजे दहा-बारा मजल्यांची बिल्डिंग. आपल्या यवतमाळात जिना चढून सराव करतो म्हटलं तर एवढी बिल्डिंग कुठं शोधायची? आणि गिरनारच्या पायऱ्या दहा हजार, दत्तशिखरापर्यंत. म्हणजे माहूर चाळीस वेळा. हा हिशेब पोरानं गडावर बसून केला, आणि सगळे एकदम गप्प झाले.

जगात असं वेड लागलेले आम्ही एकटे नाही हो. स्वित्झर्लंडमध्ये नीसेन नावाच्या डोंगरावर 11,674 पायऱ्यांचा जिना आहे, वर्षातून एकदा शर्यतीपुरता उघडतात. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये 1978 पासून लोक 86 मजले पळत चढतात, 1,576 पायऱ्या.

"काहून? लिफ्ट नाही का त्याहीच्यात?"

आहे. तरी.

"मंग त्याहीच्यापक्षा आपली ती बारामतीची बाई बरी. काय नाव व तिचं?"

लता करे. मूळची आपल्या बुलडाण्याकडची. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून नऊवारीत अनवाणी पळाली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. तिच्यावर सिनेमा निघाला, त्यात तिचं काम तिनंच केलं. काकूंनी तो मोबाइलवर दोनदा पाहिलाय आणि दोन्ही वेळा रडल्या. माझं मत विचाराल तर आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या गप्पा बूट, जेल आणि घड्याळ यांच्या असतात, त्या थोड्या कमी झाल्या तर बिघडणार नाही. साहेबांना हे सांगू नका.

वर पोचल्यावर दर्शन शांतपणे झालं, गर्दी नव्हती. शेंदरातलं ते मुखच मुख. परशुरामाची कथा कंडक्टरकाकांनी तिथंच सांगितली: कावडीच्या एका पारड्यात बापाचा देह, दुसऱ्यात आई, आणि तो हिंडत हिंडत माहूरला आला. मागं वळून पाहू नको म्हटलेलं असताना पाहिलं, म्हणून आईचं मुखच तेवढं वर आलं. गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण पायात गोळे आलेले असताना ऐकली की कावडीचं वजन डोक्यात येतं.

ग्रुपमधल्या शाळेच्या सरांनी वेगळीच गोष्ट काढली. रायबागन याच माहूरची, देशमुखांची सावित्रीबाई. मोगलांकडून लढली. 1661 साली उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी कोंडली तेव्हा ही खानासोबत होती, आणि शरण जा हा सल्ला हिनंच दिला असं सांगतात.

"शहाणी होती. कुठी थांबाचं ते समजे तिले."

चढण्याचं कौतुक झालं, आता उतरण्याचं ऐका. उतरताना दम लागत नाही, म्हणून सगळे फुशारले. पोरगा तर पळतच सुटला. आणि खरा मार तिथंच बसला. मॅडम म्हणतात, उतरताना मांडी ब्रेकचं काम करते. स्नायू ताणला जात असतानाच त्यानं वजन पेलायचं, त्यात त्याचे बारीक धागे दुखावतात. त्या वेळी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी कळतं, आणि तिसऱ्या दिवशी आणखी. म्हणून हे माझं पाठमोरं उतरणं. पोरानं आज सकाळी ग्रुपवर लिहिलंय की हॉस्टेलच्या इंडियन संडासात बसलो तो उठता येईना, मित्रांनी ओढून काढला.

"ओवा टाकून मोहरीचं तेल गरम कर आन् चोळ. आन् पडून राय."

मॅडम म्हणाल्या पडून राहू नका, हळूहळू चालत राहा. तेलाला त्यांनी हरकत घेतली नाही.

आणि हे तुमच्यासाठी. मी पदराखालून पुडी काढली. तुम्हाला काय वाटलं, माहूरहून रिकाम्या हातानं येईन? पायऱ्यांच्या कडेला ते विडा कुटणारे बसतात ना, खलबत्त्यात पान, सुपारी, कात, बडीशेप घालून ठणठण चाललेलं असतं. चढताना तो आवाज ऐकून आमचा पोरगा त्याच ठेक्यावर पाय टाकत होता, तेवढंच त्याला जमलं. कुटणाऱ्या बाईचं मनगट पाहिलं मी. घड्याळ नाही, हिरव्या बांगड्या वर सारलेल्या, आणि मुसळ पडतं ते दर वेळी एकाच जागी. मोठी चिमूट पानावर ठेवून दिली तिनं, आईचा तांबूल म्हणून. बुटांची ओळ तिच्याच शेजारणीनं राखली होती. तिनं पैसे घेतले नाहीत, मग साहेबांनी तिच्याकडून सगळ्यांसाठी नारळ घेतले.

काकूंनी चिमूटभर विडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मग मूळ मुद्द्यावर आल्या.

"मंग गिरनारले कोण कोण जाते?"

कंडक्टरकाका जातात, ते तर जाणारच. किराणावाले भाऊ जातात, दुकान मेहुण्यावर सोपवून. मॅडम जातात. मी जाईन, मांड्या सुटल्या तर. पोराची परीक्षा आहे म्हणतो, पण परीक्षा कालपर्यंत नव्हती.

"आन् साहेब?"

साहेबांनी काल परतीच्या गाडीत वाचून काढलं की गिरनारला 2020 पासून रोपवे झालाय. ते म्हणतात, अंबाजीपर्यंत रोपवेनं जाऊ, दम राखून ठेवू, आणि पुढच्या पायऱ्या मात्र वेळ लावून चढू.

"बरोबर बोलला व माणूस! सप्तशृंगीले ट्रॉली झाली तवा मी पयली बसली होती. देवी काही पायऱ्या मोजत नाही."

पण काकू, अंबाजीच्या पुढं दत्तशिखरापर्यंत पायऱ्याच आहेत. नाहीतर डोली. आणि डोलीवाले आधी काट्यावर वजन करतात, मग भाव सांगतात. सगळ्यांदेखत.

काकूंनी सूप स्वतःकडे ओढलं. बराच वेळ शेंगाच फोडल्या.

"अंबाजीवरी किती तिकीट हाय, इचार त्या साहेबाले," त्या म्हणाल्या. "मी तिथीच बसन. तुमचे बूट सांभाळीन."