आजारी बँक, हिशेबी पेशंट

मध्यमवर्गीय मराठी माणूस रुग्णालयात दाखल व्हायला गेला की त्याला पहिला प्रश्न 'मेडिक्लेम आहे का?' असा विचारतात. आहे म्हटलं की दुसरा, 'पर्सनल की कॉर्पोरेट?' तिसरा, 'डिपॉझिट कार्डने करताय की यूपीआयने?' 'काय होतंय?' हा प्रश्न चौथ्या फेरीत येतो. तोवर दुखणं कमी झालं असेल तर त्याचं श्रेय डेस्कला द्यायला हरकत नाही. ज्या सोयीचं नाव 'कॅशलेस' तिची सुरुवात कार्ड घासण्याने होते, पण हे विचित्र वाटण्याइतकं त्राण त्या वेळी कुणात उरलेलं नसतं.

मेडिक्लेम हे मुळात एका पॉलिसीचं नाव. सरकारी विमा कंपन्यांनी ती १९८६ साली आणली आणि पुढे डालड्याचं झालं तेच तिचं झालं: पॉलिसी कुठल्याही कंपनीची असो, नाव मेडिक्लेमच. तेव्हापासून आजारपणाची भाषा हळूहळू डॉक्टरांच्या हातून निसटून हिशेबनिसांच्या हाती गेली. आता पेशंटला पॅकेज असतं, ऑपरेशनला लिमिट असतं, त्या लिमिटच्या पोटात सब-लिमिट असतं, आणि बरं होणं हे सेटलमेंट झाल्याशिवाय पुरं होत नाही. वर्षभर आजारी पडला नाहीत तर बोनससुद्धा मिळतो. गिरणी कामगाराला तो काम केल्याबद्दल मिळायचा, पॉलिसीवाल्याला काही न झाल्याबद्दल.

आजाराला 'वेटिंग पीरियड' असतो. पॉलिसी घेण्याआधीपासून मधुमेह असेल तर तो झाकला जाईपर्यंत पूर्वी ४ वर्षं थांबावं लागायचं, एप्रिल २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं झाली. तेवढा काळ मधुमेहाने शिस्तीत राहावं अशी अपेक्षा असते. शिवाय 'फ्री लूक पीरियड' असतो. नाव ऐकून एखाद्या ब्यूटी पार्लरची स्कीम वाटेल, पण पॉलिसी हातात पडल्यावर वाचून पाहून पटली नाही तर परत करण्याची ही ३० दिवसांची मुदत आहे. या ३० दिवसांत पॉलिसी वाचणारा माणूस अजून कुणाच्या नात्यात निघालेला नाही. आणि भीतीपोटी भरायच्या हप्त्यावर सरकार २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी घेत होतं. तो दुसऱ्या दिवसापासून वैयक्तिक पॉलिसींवर माफ झाला. त्याआधी आजारी पडण्याची काळजी करणं ही करपात्र सेवा होती.

सोयीसाठी एक काका घेऊ. निवृत्त, पेन्शनर, ५ लाखांची जुनी पॉलिसी, पित्ताशयात खडे. पॉलिसीत खोलीभाड्याला कॅपिंग आहे, विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार. पुतण्या म्हणतो, 'काकांना सिंगल रूमच घेऊ, जनरल वॉर्डात त्यांचा डोळा लागायचा नाही.' सिंगल रूम ८ हजारांची. चार दिवसांचे वरचे ३-३ हजार, म्हणजे १२ हजार खिशातून जातील, एवढं गणित पुतण्याने लिफ्टमध्येच केलेलं असतं. माणूस मोठ्या मनाचा.

डिस्चार्जच्या दिवशी त्याला 'प्रपोर्शनेट डिडक्शन' भेटतं. काकांची लायकी ५ हजारांच्या खोलीची असताना ते ८ हजारांच्या खोलीत झोपले, म्हणून सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं कंपनी पाच-अष्टमांशच देणार. या तिन्हींचं बिल १ लाख ६० हजार असेल तर कंपनीचे १ लाख आणि काकांचे ६० हजार. त्यात ते १२ हजार मिळवा. चार रात्रींच्या झोपेचे ७२ हजार झाले, आणि पित्ताशय काढल्यावर झोप तशीही लागत नाही.

कंपनीची बाजू अगदीच खोटी नाही. बऱ्याच रुग्णालयांत खोलीची इयत्ता वाढली की बाकीचे दरही वाढतात. सर्जन तोच, टेबल तेच, चिमटाही तोच, पण पित्ताशय सिंगल रूममधून आलं असेल तर ते महाग. विमा नियामकाने २०२० साली यातून औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या वगळायला लावल्या. जी रुग्णालयं खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे ही कापाकापी चालत नाही, आणि आयसीयूलाही ती लागू नाही. म्हणजे पुरेसं गंभीर आजारी पडलं तर वजावट टळते. ही सवलत काकांना आधी कुणी सांगितली नव्हती.

खरं वाङ्मय मात्र पॉलिसीच्या शेवटी, याद्यांमध्ये असतं. ज्या वस्तूंचे पैसे कंपनी देण्याला बांधील नाही त्यांची नियामकाने प्रमाणित केलेली एक यादी आहे, ६८ नगांची. तीत बेबी फूड आहे, ब्यूटी सर्व्हिस आहे, कॅरी बॅग, लाँड्री, मिनरल वॉटर, टेलिव्हिजन आणि कुरिअर आहे. इथवर ठीक. पण क्रेप बँडेज, डायपर, थर्मामीटर, हाताची झोळी, मानेचा पट्टा आणि हातमोजेही त्यातच आहेत. रुग्णालयात हातमोजे ही चैन ठरली, तीही ब्यूटी सर्व्हिसच्या शेजारी. त्याच यादीत मॉर्च्युअरी चार्जेस आहेत. म्हणजे उपचाराला पूर्ण यश न आल्यास पुढचं ज्याचं त्याने पाहायचं. दुसरी यादी खोलीभाड्यातच धरायच्या वस्तूंची. त्यात कंगवा, टूथपेस्ट, स्लीपर, ब्लँकेट, फाइल उघडण्याचा खर्च, एवढंच काय, ओ-दि-कोलोनसुद्धा आहे. सरकारी कागदावर अत्तराला मानाचं पान मिळाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. काकांच्या खोलीला वास फिनेलचा येत होता.

काउंटरवर पुढचा प्रवेश घडतो तो असा:

'काका, अप्रूव्हल आलंय. आता फक्त नॉन-पेएबल भरा.'

'नॉन-पेएबल म्हणजे?'

'जे पेएबल नाही ते.'

'पेएबल नाही, तर मी का पे करू?'

मुलगी नवीन असते. ती 'सरांना विचारून सांगते' म्हणते, आणि सर लंचला गेलेले असतात. मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा पहिला निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी, उशीर झाला तर वाढीव बिल कंपनीने सोसायचं. घड्याळ मात्र रुग्णालयाने कागद पाठवल्यावर सुरू होतं. सकाळी नऊच्या राउंडला डॉक्टर 'आज घरी जा' म्हणतात, आणि कागद कुणाच्या टेबलावर आहेत हे दुपारपर्यंत कळत नाही. तीन तासांच्या नियमाला बाधा येत नाही. काका मात्र शर्ट-पँट घालून, पिशवी मांडीवर घेऊन, बसस्टँडवर बसावं तसे कॉटवर बसलेले असतात.

आता हीच भाषा उलटी फिरवून पाहू. माणसाच्या आजाराला पैशाचे शब्द लावणारं हे जग पैशाच्या भानगडींना मात्र आजाराचे शब्द लावतं, आणि ते फार हळुवार असतात. कारखाना बुडाला असं कुणी म्हणत नाही, तो 'सिक' होतो. या आजारी कंपन्यांसाठी १९८५ साली खास कायदा झाला, मंडळ बसलं, आणि मुंबईच्या गिरण्यांच्या मालकांनाही आपली गिरणी आजारी असल्याचं सांगायची सोय झाली. कामगाराने आजारपणाची रजा टाकली तर त्याला दाखला आणावा लागायचा. पुढे २०१६ साली तो कायदा जाऊन दिवाळखोरीचा नवा कायदा आला, तसा आजारही आधुनिक झाला. आता कंपनीला 'स्ट्रेस' असतो. बँकेची बुडीत कर्जं 'स्ट्रेस्ड ॲसेट' असतात. बँकेला भांडवलाचं 'इन्फ्युजन' देतात, म्हणजे सलाइन लावतात, बाटली करदात्याची.

सगळ्यात गोड शब्द 'हेअरकट'. औरंगाबादच्या व्हिडिओकॉन समूहाचं प्रकरण घ्या. धनकोंचे दावे ७१ हजार कोटींच्या वर, आणि जून २०२१ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने मंजूर केलेला आराखडा २,९६२ कोटींचा. धनकोंना दाव्याच्या ४.१५ टक्के मिळणार, उरलेल्या ९५.८५ टक्क्यांना हेअरकट म्हणायचं. एवढे केस गेल्यावर कुठलाही न्हावी कटिंगचे पैसे मागायला लाजला असता. अपिलात जानेवारी २०२२ मध्ये हा आराखडा परत पाठवला गेला ही गोष्ट वेगळी, शब्द मात्र टिकला. काकांच्या बिलातून ६० हजार कापले गेले त्याला कुणी हेअरकट म्हणत नाही. ते 'डिडक्शन'. आणि काकांचाच घराचा हप्ता थकला असता तर काका 'स्ट्रेस'मध्ये गेले नसते, थेट 'डिफॉल्टर' झाले असते. 'रिकव्हरी'चंही तेच. डॉक्टर म्हणतात रिकव्हरी छान आहे, तेव्हा पेढे वाटतात. बँक म्हणते रिकव्हरीला माणूस पाठवतो, तेव्हा दार लावून घेतात.

मोरेटोरियम हा शब्द तर दोन्ही घरचा पाहुणा. कोविडच्या वर्षी कर्जदारांना तो मिळाला तेव्हा अर्थ होता की हप्ता सध्या भरू नका, व्याज चढत राहील. आरोग्य विम्यात त्याचा अर्थ असा की सलग ५ वर्षं हप्ता भरलात तर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, 'तुम्ही आजार लपवला' असं म्हणून कंपनी दावा नाकारू शकत नाही. एक मोरेटोरियम पैसे न भरल्याचा, दुसरा भरल्याचा.

बँक खरोखर अत्यवस्थ झाली की रिझर्व्ह बँक 'निर्देश' देते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेला ते दिले तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत एकूण १ हजार रुपये काढायची मुभा होती. मर्यादा दोनच दिवसांत १० हजारांवर गेली आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. पण त्या पहिल्या दोन दिवसांत मुंबईतल्या शाखांबाहेर उभ्या असलेल्या माणसांना आपलेच पैसे पथ्याच्या पेजेसारखे चमच्याने का मिळतायत, हे कुठल्या पत्रकातून कळणार होतं? फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या दारात पुन्हा तीच रांग लागली. अशा वेळी बँकेची आर्थिक स्थिती सुधारेपर्यंत निर्बंध राहतील असं सांगतात. आयसीयूबाहेर नातेवाइकांनाही अगदी याच आवाजात सांगतात.

यावर उपाय म्हणून कुणीतरी मराठीकरणाची मोहीम काढेल. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाल्यापासून उत्साह आहेच. पॉलिसीचा थोडक्यात गोषवारा देणारं पत्रक ग्राहकाने मागितलं तर स्थानिक भाषेत द्यावं, असा नियम जानेवारी २०२४ पासून आहेही. पण त्या मराठीत 'सह-देय', 'प्रमाणशीर वजावट' आणि 'पूर्व-विद्यमान व्याधी' भेटल्या की काका चष्मा पुसून इंग्रजी प्रत मागतात. को-पे ऐकून निदान कुणीतरी काहीतरी पे करणार एवढं तरी कळतं.

लोकांनी आपलं काम कधीच भागवलंय. 'कॅशलेस बसलं का?', 'क्लेम पास झाला का?', 'किती कापले?' एवढ्या तीन प्रश्नांत रुग्णालयाच्या व्हरांड्यातला सगळा विमा येतो. ज्यांच्याकडे मेडिक्लेम नाही त्यांचा प्रश्न आणखी सुटसुटीत: 'योजनेत बसतंय का?' ही महात्मा फुले जनआरोग्य योजना. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं, आता कव्हर ५ लाखांपर्यंत गेलंय. इथल्या डेस्कवरच्या माणसाला 'आरोग्यमित्र' म्हणतात, आणि सरकारी शब्द असूनही तो खेड्यापाड्यांतल्या तोंडी बसलाय. मात्र या मित्राच्या हाती काय आहे ते पाहावं तर पॅकेजची यादी आणि 'प्रीऑथ'चा अर्ज. हाड कुठलं मोडलं यापेक्षा ते कुठल्या पॅकेजमध्ये मोडतं याची चौकशी आधी.

काकांनी शेवटी विमा लोकपालाकडे जायचं ठरवलं. कंपनीकडे आधी लेखी तक्रार केली, महिनाभर वाट पाहिली, उत्तर इंग्रजीत आलं आणि त्यात 'ॲज पर टर्म्स अँड कंडिशन्स' सोडून दुसरं काही नव्हतं. लोकपालाकडे फी नाही, वकील आणायची मुभा नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात. कंपनीनेही टर्म्स अँड कंडिशन्स समोर बसून समजावून सांगाव्यात, अशी ही बहुधा एकमेव जागा. अर्ज पुतण्याने आणून दिला. तक्रारीचं कारण लिहायच्या जागी काकांनी बराच वेळ पेन टेकवून ठेवलं आणि मग ठळक अक्षरांत लिहिलं, 'पुतण्याच्या हट्टापायी सिंगल रूम.'