पेठ एका वळणाची, पिनकोड दुसऱ्या वळणाचा

वाचनालयाच्या सभासदत्वाचा अर्ज आता पडद्यावर भरायचा असतो. कुठल्याशा तयार साच्यातून बेतलेला तो अर्ज पाहिला, की वाटतं, याचे प्रश्न एकाने लिहिले आणि उत्तरं दुसऱ्याने. ‘नाव’, ‘पत्ता’ हे शब्द देखण्या फॉण्टात. समोरच्या चौकटीत आपलं नाव उमटतं ते मात्र बारीक, भलत्याच वळणाचं. पत्त्यात तर ‘सदाशिव पेठ’ एका ठशाची आणि तिला खेटून इंग्रजी आकड्यांतला चारशे अकरा शून्य तीस, थेट टाइपरायटरी, प्रत्येक आकडा सारखी जागा अडवून बसलेला.

यात अर्जाचा दोष थोडा, ब्राउझरच्या स्वभावाचा अधिक. पानाला दिलेला फॉण्ट परिच्छेदांना आपोआप मिळतो. चौकटी आणि बटणं मात्र आजोळच्या कपड्यांतच हिंडणाऱ्या भाचरांसारखी, यंत्राकडून मिळालं तेच अंगावर ठेवतात. विंडोजवरच्या क्रोममध्ये ते एरियल, १३.३३ पिक्सेलांचं. त्याच्याकडे देवनागरी नाही, म्हणून अक्षरं निर्मला या फॉण्टाकडून येतात. जुन्या यंत्रावर र. कृ. जोशींनी घडवलेल्या मंगलकडून. पत्त्याच्या मोठ्या चौकटीला समान रुंदीचा ठसा मिळतो, पण तो आकड्यांपुरताच पुरतो.

जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात परका खिळा ओळीत शिरता, तर जुळाऱ्याच्या बोटांनाच खुपला असता. इथे खुपायला बोटंच नाहीत. साच्याने पानाची भाषा इंग्रजी नोंदवलेली, त्यामुळे ‘सदाशिव’मधला श आणि ‘लेले’ अशा आडनावातला ल हिंदी वळणाने अवतरतात. भाषा मराठी नोंदवली आणि फॉण्टात तशी सोय असली, तर दोघेही मुकाट्याने आपल्या वळणावर येतात. शासन निर्णयाने ते वळण प्रमाण ठरवलं आहे, हे साच्याला कोण सांगणार!

विजोड फॉण्टांवरचा उपाय एका ओळीचा: चौकटींनी, बटणांनी पानाचाच फॉण्ट घ्यावा. ती ओळ लिहिताना हात जरा रेंगाळतो. लातूरच्या फोनवर नाव नोटो फॉण्टात दिसायचं, पुण्याच्या संगणकावर निर्मलात; ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या यंत्राला ठाऊक असलेल्या अक्षरांत. आता सगळे सभासद एकाच गणवेशात.

सुटलं आहे ते फक्त वर्गणीपुढचं रुपयाचं चिन्ह. ते २०१०चं, पानाचा फॉण्ट त्याहून जुना. म्हणून ते अजूनही शेजारच्या फॉण्टाकडून उसनं येतं. त्याला मी हात लावलेला नाही. वर्गणी थकवणाऱ्या सभासदांना ते जवळचंच वाटेल.